ग्राहकांची वही आपली स्वतःची हवी : छोट्या व्यवसायासाठी ईमेल न्यूजलेटर

बाजारपेठेत आजोबांच्या काळापासूनचे दुकान असेल तर गिऱ्हाईक फारसे शोधावे लागत नाही. वडिलांच्या वहीत नावे असतात, नात्यातल्या पेढ्या एकमेकांकडे माणसे पाठवतात. आपल्याकडचे जे तरुण आज केटरिंग, छपाई, फॅब्रिकेशन, पुस्तकविक्री, शिवणकाम किंवा क्लासेस उभे करत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना ही वही वारशाने मिळालेली नाही. एकेक ग्राहक त्यांनी स्वतः मिळवलेला असतो. आणि काम आवडूनही तोच ग्राहक निसटतो. वर्षा-दीड वर्षाने त्याला पुन्हा गरज पडते तेव्हा नाव आठवत नाही, फोन बदललेला असतो, कार्ड हरवलेले असते. मग तो समोर दिसेल त्याला काम देऊन मोकळा होतो.

हे निसटणे रोखण्याचे एक स्वस्त आणि जुने साधन म्हणजे ईमेल न्यूजलेटर. ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला आहे अशा लोकांना ठरावीक काळाने पाठवलेले पत्र, एवढीच त्याची व्याख्या. आपल्याकडे नवे काय आले, काय कधी मिळेल, आणि सोबत वाचणाऱ्याच्या उपयोगाचे थोडे काही, असा त्याचा मजकूर असतो. या व्याख्येतला ‘स्वतःहून’ हा शब्द काढला की उरते ते स्पॅम.

हा वाद ईमेलइतकाच जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या त्या काळच्या जाळ्यावरील सुमारे ४०० लोकांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण न विचारता पाठवले. जगातले पहिले स्पॅम म्हणून याच मेलचे नाव घेतले जाते. लोक चिडले, तक्रारी झाल्या. या मेलमुळे आपली चांगली विक्री झाली असे थर्क मात्र नंतरही सांगत राहिले. तेव्हा इनबॉक्स जवळजवळ रिकामे असत. आज न विचारता पाठवलेल्या मेलला लोक न वाचता ‘स्पॅम’ ठरवतात, आणि तसे पुरेशा लोकांनी केले की आपली पुढची पत्रे ज्यांना हवी आहेत त्यांनाही दिसेनाशी होतात.

व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला?

हा प्रश्न कुठल्याही बैठकीत पहिला येतो आणि तो रास्त आहे. ऑर्डर घेण्यासाठी, फोटो दाखवण्यासाठी व्हॉट्सॲपच बरे. पण ग्राहकांची वही म्हणून ते कच्चे आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ पेक्षा जास्त लोक बसत नाहीत, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. ग्रुप केला तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होते.

मोठा धोका वेगळा आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. गावखेड्यातल्या ज्या कलाकारांनी आणि विक्रेत्यांनी तिथे मोठा चाहतावर्ग जमवला होता, त्यांच्या हातात त्यांतल्या एकाचाही पत्ता उरला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले. तो प्रकार एका रात्रीपुरता होता, पण तिन्हींचा मालक एकच आहे आणि आपला सगळा धंदा त्याच्या ओसरीवर मांडलेला आहे, हे त्या रात्री अनेकांना कळले.

ईमेलला असा एक मालक नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठवला, तेव्हापासून ही पद्धत सर्वांसाठी खुली आहे. जीमेलवाला याहूवाल्याला लिहू शकतो. पत्रे पाठवण्याची एक सेवा महाग झाली तर यादी फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेता येते. फॉलोअर्स असे उचलून नेता येत नाहीत.

सगळ्यांनी ईमेलच्या मागे लागावे असे मात्र नाही. चहाची टपरी, भाजीचा ठेला, वस्तीतले किराणा दुकान यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यांचे गिऱ्हाईक रोज समोरून जाते. गल्लीपुरते पापड-लोणचे विकणाऱ्या बचत गटालाही व्हॉट्सॲप पुरते. ज्यांचा ग्राहक लांब राहतो, क्वचित खरेदी करतो आणि कामानिमित्त रोज ईमेल उघडतो, त्यांच्यासाठी हे साधन आहे. बँक, रेल्वे, विमा, शाळा-कॉलेज, आयटी, सरकारी कार्यालये इथे नोकरी करणारा ग्राहक, परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि दुसऱ्या कंपन्यांचे खरेदी विभाग हे त्यात येतात.

दोन दिवसांचे ग्राहक, वर्षभराची गाठ

याचे सर्वांत चपखल उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. अशोक विजयादशमीला नागपूरला आणि ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांचे स्टॉल लागतात. एकेका स्टॉलवर लातूर, किनवट, गोंदिया, बैतूल, कुठून कुठून माणसे येतात, पिशव्या भरून पुस्तके नेतात. विक्रेता दमून माल आवरतो आणि गाडी पकडतो. ज्यांनी हजार-दीड हजारांची पुस्तके घेतली ते कोण होते, हे त्याला ठाऊक नसते. पुढच्या वर्षी ते पुन्हा येतील, कदाचित शेजारच्या स्टॉलवर थांबतील. मधले अकरा महिने दोघांचा काही संबंध नाही.

आता समजा त्या विक्रेत्याने टेबलावर एक फलक ठेवला : ‘नवीन पुस्तकांची माहिती महिन्यातून एकदा ईमेलने हवी असल्यास नाव नोंदवा.’ खाली क्यूआर कोड, तो गुगल फॉर्मवर जातो. फॉर्ममध्ये दोनच रकाने, नाव आणि ईमेल. तिसरा फार तर ‘कोणत्या विषयाची पुस्तके वाचता’ एवढाच. जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय असे विचारत बसले की माणूस मध्येच सोडून पुढे जातो. गर्दीत नेट चालत नाही, म्हणून बाजूला वहीही हवी. वहीत ईमेल लिहून घेताना पाटीवरच्यासारखी सुटी अक्षरे काढायला सांगावीत आणि लिहून झाले की एकदा वाचून दाखवावे. एका डॉटची चूक म्हणजे कायमचा हरवलेला ग्राहक. कार्यालयाचा ईमेल देत असेल तर वैयक्तिक मागावा, कारण नोकरी बदलली की तो पत्ता मरतो.

घरी पोचल्यावर आठवडाभरात पहिले पत्र जायला हवे. सहा महिन्यांनी गेले तर ‘हे कोण?’ म्हणून ते स्पॅममध्ये जाईल. पहिल्याच ओळीत भेट कुठे झाली ते लिहावे. उदाहरणादाखल :

विषय : दादरच्या स्टॉलवर विचारलेले खंड आता उपलब्ध

‘जय भीम. ६ डिसेंबरला दादरला आमच्या स्टॉलवर आपण नाव नोंदवले होते. त्या दिवशी अनेकांनी लेखन आणि भाषणांच्या खंडांची चौकशी केली. सध्या आमच्याकडे कोणते खंड शिल्लक आहेत त्याची यादी किंमत आणि टपालखर्चासह खाली दिली आहे. जो खंड यादीत नाही तो हवा असल्यास या मेलला उत्तर द्या, आला की कळवू. यापुढे महिन्याच्या पहिल्या रविवारी असे एक पत्र येईल. नको असल्यास शेवटच्या ओळीवर क्लिक करा, लगेच बंद होईल.’

या पत्रात ‘भव्य सवलत’ किंवा ‘त्वरा करा’ कुठेही नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या खंडांपैकी कोणता कधी मिळेल आणि कुठे मिळेल, हे शोधत फिरणारे वाचक आपण सगळे पाहतो. त्यांच्यासाठी ‘अमुक खंड आला आहे’ ही बातमी असते. आपल्या धंद्यातली अशी बातमी कोणती, हे ज्याला सापडले त्याला मजकुराची चिंता उरत नाही. केटररसाठी ती ‘मे महिन्याच्या अमुक तारखा अजून मोकळ्या आहेत’ ही असू शकते. क्लासवाल्यासाठी परीक्षेची जाहिरात आणि अर्जाची शेवटची तारीख, शिवणकामासाठी शाळेच्या गणवेशाचे माप कधी घेणार ते. ज्याने काही घ्यायचे नाही त्यालाही वाचून काहीतरी मिळाले पाहिजे. एका पत्रात एकच मुख्य गोष्ट असावी. आणि सांगितलेला रविवार चुकवू नये. महिन्याला जमत नसेल तर दोन महिन्यांनी पाठवावे, पण तसे आधी सांगावे.

संघटनेची यादी धंद्याला वापरू नये

हे जरा स्पष्ट लिहावे लागेल, कारण वाचणाऱ्यांत कार्यकर्ते बरेच आहेत. आपल्या हाताशी याद्या असतात : शिबिराला आलेल्यांची, रक्तदात्यांची, अभ्यासिकेच्या विद्यार्थ्यांची, विहाराला देणगी देणाऱ्यांची, वधू-वर मेळाव्याची. स्वतःचा व्यवसाय सुरू करताना या याद्यांकडे हात जातो. ‘आपलीच माणसे आहेत, त्यांना काय हरकत’ असे वाटते. मी स्वतः एका चर्चासत्राच्या नोंदणीत ईमेल दिला होता. पुढची कित्येक वर्षे मला एनए प्लॉटच्या जाहिराती येत राहिल्या. त्यानंतर त्या संस्थेच्या नोंदणी वहीत मी खरा पत्ता लिहिलेला नाही. नुकसान प्लॉटवाल्याचे काही झाले नाही, संस्थेचे झाले.

आता याला कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, संमती मोकळेपणाने आणि स्पष्टपणे घेतलेली असली पाहिजे, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असा त्याचा गाभा आहे. संमतीची सूचना मराठीतही वाचण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती मोठ्या कंपन्यांकडे बघून ठेवलेली आहे, पण कायदा छोट्यालाही लागू आहे. परदेशातल्या ग्राहकांना लिहीत असाल तर तिथले नियमही पाळावे लागतात. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार व्यापारी मेलमध्ये आपला टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव १० कामकाजाच्या दिवसांत काढावे लागते. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे, तो त्याहून कडक.

जुने ग्राहक, ज्यांची बिले आपल्याकडे आहेत, त्यांना एकदा साधे पत्र पाठवून ‘अशी माहिती हवी का’ विचारावे. ‘हो’ म्हणतील तेवढेच यादीत घ्यावेत. विकत मिळणाऱ्या ‘एक लाख ईमेल’च्या सीडी आणि पेनड्राइव्हकडे बघूही नये.

पत्र पोचण्यासाठी काय लागते

सुरुवातीला पन्नास लोक असतील तेव्हा जीमेलमधून पाठवता येते. मात्र सगळे पत्ते ‘बीसीसी’ या रकान्यात टाकावेत, ‘टू’ मध्ये टाकले तर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो. मोफत जीमेलवरून दिवसाला ५०० पेक्षा जास्त जणांना पाठवता येत नाही. त्याच्या कितीतरी आधी खास सेवेकडे वळावे. मेलचिम्प, ब्रेवो, चेन्नईच्या झोहोची कॅम्पेन्स अशा सेवा आहेत. त्या यादी सांभाळतात, ‘बंद करा’ची लिंक आपोआप जोडतात, परत आलेले पत्ते बाजूला काढतात. मोफत योजनांच्या मर्यादा वारंवार बदलतात आणि बहुधा घटतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी त्या स्वतः वाचाव्यात.

या सेवांमधून पाठवताना ‘जीमेल डॉट कॉम’ने संपणारा पत्ता प्रेषक म्हणून देऊ नये. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले आहेत. आपल्या नावाचे डोमेन घ्यावे, त्याला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. त्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी करायच्या असतात. नावे अवघड असली तरी काम सोपे आहे : हे पत्र खरोखर आपल्याच परवानगीने निघाले आहे आणि वाटेत बदललेले नाही, हे समोरच्या यंत्राला त्यावरून पडताळता येते. सेवा तयार मजकूर देते, तो डोमेनच्या पानावर चिकटवायचा. ओळखीतल्या आयटीवाल्या भावाबहिणीला अर्ध्या तासाचे काम आहे. दिवसाला ५,००० हून अधिक मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची आहे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यापर्यंत पोचू द्यायच्या नाहीत, असेही गुगलने सांगितले आहे. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारी. आपण एवढे मोठे नसलो तरी गाळणी तीच आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवणे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली ओळ समोरच्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. विषयाची ओळही देवनागरीत चालते, फक्त मोबाइलवर पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून मुद्दा पुढे घ्यावा. दुसरी चूक बॅनरची सवय. फ्लेक्ससाठी केलेले डिझाइन, वर फोटो, खाली फोटो, मध्ये रंगीत अक्षरे, सगळे एकाच चित्रात, आणि तेच चित्र मेलमध्ये. ज्याच्याकडे चित्रे आपोआप उघडत नाहीत त्याला कोरा चौकोन दिसतो, पुढे शोधायला गेल्यास ते सापडत नाही, आणि अंध ग्राहकाचे वाचनयंत्र ते वाचू शकत नाही. मजकूर अक्षरांत असावा, चित्र एखादे. मजकूर फार लांबवू नये हेही आलेच. साधारण १०२ केबीच्या पुढचा भाग जीमेल कापून टाकते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला रोमन अक्षराच्या तिप्पट जागा लागते.

कारखानदाराचे पत्र

वर्कशॉप, छपाई, गणवेश, साफसफाई सेवा असा ज्यांचा ग्राहक कंपनी किंवा सरकारी उपक्रम आहे, त्यांच्यासाठी ईमेल हेच रोजचे माध्यम आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. तो आता २५ टक्के आहे आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. खरेदी अधिकाऱ्याला असा पुरवठादार हवा असतो, पण तो त्याच्या नजरेसमोर असावा लागतो. तीन महिन्यांतून एकदा, दहा-बारा ओळींचे पत्र पुरते : कोणते नवे मशिन बसवले, कोणत्या जाडीपर्यंतचा पत्रा वाकवता येतो, कोणते प्रमाणपत्र मिळाले, महिन्याला किती माल देता येईल, उद्यम नोंदणी क्रमांक. पोर्टफोलिओचे जड पीडीएफ जोडू नये, लिंक द्यावी. इथे मात्र पदाच्या नावाचा ईमेल असेल तर तोच घ्यावा, अधिकारी बदलीने जातो आणि पद तिथेच राहते.

उपयोग होतो आहे का, हे कसे कळणार?

सेवा ‘किती जणांनी उघडले’ याचा आकडा दाखवते. त्यावर फार विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये ग्राहकाने न उघडलेले पत्रही उघडले असे नोंदले जाऊ शकते. लिंकवर किती जण गेले, किती उत्तरे आली आणि किती ऑर्डरी आल्या, एवढे बघावे. प्रत्येक ऑर्डरीच्या वेळी ‘कुठून कळले?’ विचारून वहीत एक खूण करावी. ‘नो-रिप्लाय’ असा प्रेषक ठेवू नये. उत्तरे हीच कमाई असते, त्यांत पुढच्या पत्राचा विषयही सापडतो.

कोणी नाव काढून घेतले तर मनाला लावून घेऊ नये, कारण विचारायला फोनही करू नये. परत आलेला पत्ता दुसऱ्यांदा वापरू नये. वर्षभर एकाही लिंकवर न गेलेल्या आणि उत्तर न दिलेल्यांना एकदा विचारावे, आणि काही कळवले नाही तर काढून टाकावे. दोन हजारांच्या मुक्या यादीपेक्षा तीनशे बोलणारे परवडतात, शिवाय सेवेचे पैसेही वाचतात.

यादीची सीएसव्ही फाइल दर तीन महिन्यांनी उतरवून घ्यावी. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, आणि काम पाहणारा मुलगा सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. व्यवसाय विकला किंवा बंद केला तर यादी नव्या मालकाला परस्पर देऊ नये. शेवटचे एक पत्र पाठवून तसे सांगावे, ज्यांना नव्या मालकाची पत्रे हवी आहेत त्यांना पुन्हा नाव नोंदवू द्यावे, आणि बाकीचे पत्ते पुसून टाकावेत.